रक्ताचं लिव्हर होतं म्हणे

६ जानेवारी, सोमवार

टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात तेहतीस वर्षं काढली. तोंडी तक्रार हवेत जाते, लिहिलेली राहते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून आजपासून ही वही.

पहिली तक्रार डॉक्टर जान्हवीबाईंची. मुलुंडच्या हॉस्पिटलात लिव्हरच्या त्या मोठ्या डॉक्टर. वय पस्तीसच्या आसपास, पण आवाज असा, की जणू मीच शाळेत उशिरा आलोय. "काका, सिऱ्हॉसिस आहे. लिव्हर जवळजवळ सगळं निबर झालंय. औषधांवर काही महिने निघतील, वर्ष निघेल असं मी म्हणणार नाही. दुसरं लिव्हर बसवावं लागेल." एवढं सांगून वर विचारते, "काही शंका?"

सदुसष्ट वर्षांत मी दारूचा थेंब घेतलेला नाही. शिमग्याला गावी गेलो तरी नाही. आणि आज घरी परत येतो तर जिन्यात शेजारच्या शकुवहिनी म्हणतात, "भावजी, आता तरी सोडा हो." काय सोडू, कपाळ? अख्ख्या भांडुपला आता वाटणार, सातार्डेकर चोरून ढोसत होता.

डॉक्टर म्हणतात, बारा वर्षांच्या डायबेटीसने आणि चरबीने हे झालं. "गोळ्या नियमित घेत होतात ना?" मी म्हटलं, घेत होतो. माझी सून अबोली शेजारी बसली होती. नुसती जमिनीकडे बघत राहिली. हिचं हे असंच. तोंडाने "हो बाबा", आणि मनात काय ते तिचं तिला ठाऊक.

९ जानेवारी, गुरुवार

लिव्हरचा प्रकार समजला तो असा. जिवंत माणसाच्या लिव्हरचा मोठा तुकडा कापून दुसऱ्याला बसवतात. पुढच्या काही महिन्यांत दोघांचंही पुन्हा वाढतं. गेलेल्या माणसाचं हवं असेल तर यादीत नाव लावायचं. लावलं. माझ्यापुढे किती जण आहेत विचारलं तर कुणी धड सांगेना. आमच्या खात्यात लाईन महिनाभर डेड असली तरी माणसाला निदान तक्रार नंबर मिळायचा.

माझ्या मुलाला, सुबोधला, तपासलं. त्याच्या लिव्हरमध्येच चरबी निघाली. अडतिसाव्या वर्षी! दिवसभर खुर्चीत बसून कॉम्प्युटर बडवायचा आणि बाहेरचं मागवून खायचं, दुसरं काय होणार? "तुमचं चालणार नाही," असं त्याला तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर तो बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा तास आत बसला. मी बाहेरून ओरडलो, "पाणी वाया जातंय!" शिस्त म्हणून नाही या घरात. त्याची आई, शेवंती असती तर बोलली असती त्याला. ती जाऊन सहा वर्षं झाली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरात तिळाचे लाडू, आणि मला एकही नाही. ते राहू दे.

चहा घेताना अबोली म्हणाली, "बाबा, माझ्या टेस्ट झाल्या. माझा ब्लडग्रुप ओ आहे, लिव्हर चांगलं आहे, साइज पण बसते. मी देते."

म्हणजे आठवडाभर ही वांद्र्याच्या ऑफिसात जातेय असं सांगून मुलुंडला तपासण्या करून घेत होती! मला न विचारता! सुबोधला माहीत होतं, माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, ऋतिकाला माहीत होतं, शकुवहिनींनाही असेल. एकटा मीच येडा.

मी कप आपटला. म्हटलं, "लोक काय म्हणतील? सून घरात आणली ती काय सुटे भाग म्हणून? उद्या तुझे वडील मला विचारतील, आमची मुलगी तुमच्याकडे दिली ती कापायला?"

"त्यांना मी सांगेन," ती म्हणाली.

"सांगणार नाहीस! हे होणार नाही. विषय संपला."

"हो बाबा," म्हणाली आणि फुटलेल्या कपाचे तुकडे वेचायला लागली. हे "हो बाबा" मी चांगलं ओळखतो. त्याचा अर्थ नाही असा असतो.

मला कुणाचे उपकार नकोत. त्यातून हिचे तर नकोतच.

१९ जानेवारी, रविवार

सापडलं! रविवारच्या पुरवणीत, पान चार. "रक्ताच्या मूळ पेशींपासून यकृत?" असा मथळा. शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण पेपरवाल्यांना ती खोडच असते. आत साफ लिहिलंय की हाडाच्या मगजात आणि रक्तात काही मूळ पेशी असतात, त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्या उंदरांना टोचल्या, तर उंदरांच्या यकृतात त्यांची खूण सापडली. म्हणजे रक्ताचं लिव्हर झालं! आणि ही जान्हवीबाई माणसं कापायच्या गोष्टी करते. कशाला? ऑपरेशन केल्याशिवाय यांचं पोट भरत नाही म्हणून.

आणि मूळ पेशींचं रक्त आपल्या घरात आहे! ऋतिका झाली तेव्हा तिच्या नाळेचं रक्त काढून कुठल्याशा बँकेत गोठवून ठेवलंय. मला अजून आठवतं, तेव्हा मी म्हटलं होतं, "आमच्याकडे नाळ पुरतात, फ्रीजमध्ये नाही ठेवत." खूप हसलो होतो मी. आता कळतंय की दूरदृष्टी होती त्यात. माझ्याच नातीचं रक्त. कुणाला कापायला नको, कुणाचे उपकार नकोत.

अबोलीला कागद मागितले. म्हणाली, "ते आमच्या बाबांकडे आहेत." पहिलं बाळंतपण माहेरी झालं ना, बोरिवलीला. म्हणून फॉर्मवर पत्ता तिकडचा, सही श्यामसुंदररावांची! नात सातार्डेकरांची आणि तिचं रक्त व्याह्यांच्या कपाटात. याला काय म्हणायचं?

२१ जानेवारी, मंगळवार

बोरिवलीला गेलो. बाळाच्या बारशाला मानपानावरून माझं आणि श्यामसुंदररावांचं वाजलं होतं, त्यानंतर मी त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. आज चढलो. धाप लागली. पोटात पाणी झालंय, त्याने चालवत नाही.

तो माणूस अजून घरात मालवणीच बोलतो. "येवा, येवा. बसा मा. पाणी पियात." मी सरळ मुद्द्यावर आलो. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही, उठला आणि कपाटातून फाईल काढून दिली. "घेवन जावा. तुमच्याच नातीचा असा."

मी फाईल घेतली. मग तो हळूच म्हणतो, "अबोली माका काल बोलली. ती देतली म्हणता."

मी म्हटलं, "मी नाही म्हणून सांगितलंय."

"पोरीक इचारलात, कित्याक देतंय म्हणान?"

का देतेस, हे काय विचारायचं? म्हटलं, चहा नको, निघतो. दारापर्यंत सोडायला आला. लिफ्ट बंद होती तर माझ्या काखेत हात घालून तीन मजले खाली उतरवलंन मला. कुणी सांगितलं होतं? मला आवडत नाही असली सलगी.

२७ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस काळ्या शाईने लिहावा.

रक्ताच्या बँकेने फोनवर सांगितलं, ते रक्त मुलीसाठी आहे, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी. लिव्हरसाठी देत नाहीत. "आजोबा" हा शब्द त्यांच्या फॉर्ममध्येच नाही म्हणे. मग जाहिरातीत अख्खं कुटुंब हसताना कशाला दाखवता? त्यात आजोबाही होते, मी बघितलेत!

मग फाईल आणि पेपरचं कात्रण घेऊन मुलुंड गाठलं. अबोली सोबत आली, रजा टाकून. जान्हवीबाईंनी कात्रण पूर्ण वाचलं, हे मान्य करतो.

"काका, यातलं खोटं काही नाही. पण हे अर्धं आहे," त्या म्हणाल्या. "उंदरांच्या यकृतात रक्तपेशींची खूण सापडली तेव्हा सगळे हरखले होते. वाटलं, रक्ताच्या पेशीने आपलं रूप बदललं, ती यकृताची झाली. नंतर नीट तपासलं तर बहुतेक ठिकाणी तसं झालंच नव्हतं. बाहेरून आलेली पेशी तिथल्या पेशीत मिसळून गेली होती. दोघींची मिळून एक झाली होती."

"मग? ती मिसळलेली काम करत होती की नाही?"

"करत होती. काही आजारी उंदीर त्यावर जगलेसुद्धा."

"मग तक्रार कशाची आहे!" मी टेबलावर हात आपटला. "मिसळली काय आणि झाली काय! बाहेरून आली, आत राहिली, घरचं काम करते, घर जगवते. आणखी काय पाहिजे तुमच्या शास्त्रज्ञांना? जन्माचा दाखला?"

जान्हवीबाई माझ्याकडे बघायच्या सोडून अबोलीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तक्रार काही नाही, काका. पण हे घडतं फार क्वचित. हजारो-लाखो पेशींत एखादी. माणसाचं निबर झालेलं लिव्हर त्याने भरून निघेल असा उपचार आज कुणाकडेही नाही. कुणी आहे म्हणालं तर जाऊ नका. आणि मी दिलेलं ते सिरप बंद करू नका. ते तुमच्या मेंदूसाठी आहे."

ते सिरप! गोड पाकासारखं, आणि दिवसातून चार वेळा संडासात पळवणारं. लिव्हरचं औषध पोटात, आणि म्हणे मेंदूसाठी. रिक्षात मी अबोलीला म्हटलं, "बघितलंस, कसं बोलती बंद केली बाईची?" तर खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसत होती. धूळ फार आहे त्या रस्त्यावर, मेट्रोचं काम कधी संपणार देव जाणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

घाटकोपरला जुन्या मित्राकडे जातो असं सांगून निघालो आणि मेट्रोने अंधेरी गाठली. खोटं बोललो, पण वेळच तशी आणली या लोकांनी.

स्टेम सेलवाल्या क्लिनिकची काचेची इमारत, आत थंडगार, पाण्याऐवजी नारळपाणी. देवेश नावाचा टायवाला मुलगा. डॉक्टर आहे का विचारलं तर म्हणाला, "सर, मी पेशंट रिलेशन बघतो." तेच ते कात्रण त्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं! प्रश्नचिन्ह मात्र नव्हतं. म्हणाला, "सर, दुसऱ्या कुणाचं कशाला, तुमच्याच रक्तातून स्टेम सेल काढू, वाढवू आणि परत सोडू. ना टाके ना कापाकापी." हे ऐकायला महिनाभर कान तरसले होते. रक्त काढलं, दोन तासांनी हाताच्या शिरेतून काहीतरी सोडलं. "सिरप थांबवा सर, पेशींना त्रास होतो." घ्या! मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

घरी आल्यापासून बरं वाटतंय. संडासाच्या फेऱ्या बंद. सिरपचा डोस बेसिनमध्ये ओतला. अबोली बाटलीवर रोज पेनाने रेघ मारून ठेवते, किती उरलं बघायला. माझ्यावर पाळत!

८ फेब्रुवारी, शनिवार

झोप दिवसा येते, रात्री येत नाही. हाताला कंप. पेशी काम करत असणार, म्हणून. अबोलीने चष्मा कुठेतरी लपवलाय. विचारलं तर म्हणते, "तुमच्या डोळ्यांवर आहे बाबा." मुद्दाम असं बोलते. आणि सारखी वार विचारते. आज कुठला वार, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती. मी काय नोकरीच्या मुलाखतीला आलोय?

मंगळवार

आज तक्रारी फार. सकाळपासून फोन थांबत नाही. भांडुपची केबल तुटली. मी सांगितलं चोवीस तासांत जोडतो. चोवीस तासांत जोडतो. शेवंतीने डबा दिला नाही. तिला विचारलं तर ती म्हणते मी अबोली. कोण अबोली. नाव लिहून घ्या. लाईन लागत नाही. कुणीतरी रडतंय लाईनवर

१५ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटल. वही सुबोधने आणून दिली. वरचं पान माझ्याच अक्षरात आहे, पण मला आठवत नाही. तो मंगळवार नव्हता, रविवार होता म्हणे.

लिव्हर चालत नाही तेव्हा अंगातलं विष मेंदूत चढतं, ते सिरप ते विष बाहेर काढतं. तीन दिवस मी बेशुद्ध होतो. अंधेरीच्या त्या हलकटांनी माझ्या शिरेत काय सोडलं ते त्यांच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. मी चौतीस ओळींची तक्रार लिहिलीय पोलिसांना, आरोग्य खात्याला आणि ग्राहक मंचाला. देवेशला फोन केला तर म्हणतो, "सर, तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय." त्याच्या आईला! असल्या माणसांना भर चौकात उभं करून विचारलं पाहिजे, मरणाऱ्या माणसाला आशा विकता, झोप कशी लागते रे तुम्हाला?

सगळा संताप त्यांच्यावरच काढतोय असं नाही. थोडा माझ्यावरही आहे. पण तो लिहायला सुचत नाही.

बेसिनपाशी पडलो तेव्हा घरात अबोली एकटीच होती. नर्स सांगत होती, "तुमच्या मुलीने तुम्हाला उचलून खाली रिक्षापर्यंत आणलं." मी म्हटलं, सून. नर्स म्हणाली, "तेच ते."

२२ फेब्रुवारी, शनिवार

जान्हवीबाई स्पष्ट बोलल्या. पुन्हा असा झटका आला तर परत आणता येईलच असं नाही. यादीतलं लिव्हर तोवर येईल असं वाटत नाही.

अबोली पलंगाशी उभी होती. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "ठीक आहे. तुझंच घेतो."

"हो बाबा," ती म्हणाली. यावेळी त्याचा अर्थ काय होता कळलं नाही.

आणि आता नवीन तमाशा! कायद्यात सून ही जवळची नातेवाईक नाही. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको, आजोबा, नातू, सगळे आहेत. सून नाही. बाजारातून आणलेल्या माणसाला लागते तशी समितीची परवानगी हवी. तिच्यावर जबरदस्ती नाही, पैशाचा व्यवहार नाही आणि दोघांमध्ये आपुलकी आहे, हे आम्ही सिद्ध करायचं! अकरा वर्षं ती माझ्या घरात राहते, आणि सरकार मला विचारतं की ती कोण लागते. संतापाने पोटातलं पाणी उकळायला लागलं.

१ मार्च, शनिवार

समितीला कागद हवेत. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. आणि दोघांचे एकत्र फोटो, वेगवेगळ्या वर्षांचे.

म्हटलं, फोटो? ढिगाने आहेत! घरात फोटो काढणारा मीच. ऋतिकाला शेजारी बसवलं आणि अकरा वर्षांचे सगळे फोटो काढले. चारशे बारा.

मी एकाही फोटोत नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात. ते समजू शकतो. पण ही? गणपतीत सुबोध आणि ऋतिका ठसठशीत, आणि कडेला हिचा अर्धा खांदा. दिवाळीत फराळाचं ताट धरलेला हिचा हात. ऋतिकाच्या वाढदिवसाला केक कापताना मागे नुसता पदर. शेवंतीच्या शेवटच्या फोटोत शेवंतीच्या पाठीला उशी लावणारी दोन मनगटं, बांगड्यांवरून ओळखली. ऋतिका म्हणाली, "आजोबा, आईचं डोकं कुठे गेलं?"

मी म्हटलं, "तुझी आई सणासुदीला एका जागी उभीच राहत नाही. फोटो कसा यायचा?"

"मग तुम्ही थांब म्हणायचं ना," ऋतिका म्हणाली.

नऊ वर्षांची पोर, पण तोंड बघा. रागावलो तिला. मग पुन्हा सगळे चारशे बारा एकट्याने बघितले. एखादा राहिला असेल म्हणून.

६ मार्च, गुरुवार

समिती. तीन माणसं, मधे कमलबाई नावाच्या अध्यक्षा, आणि आमच्यावर रोखलेला व्हिडिओ कॅमेरा. चोर पकडल्यासारखं. आधी अबोलीला एकटीला आत नेलं, पंचवीस मिनिटं. मग सुबोधला. शेवटी मला, आणि तिला माझ्या बाजूला बसवलं.

कमलबाई फाईल उलटत म्हणाल्या, "एकत्र फोटो नाही?"

"नाही."

"अकरा वर्षांत एकही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"सूनबाईंचा वाढदिवस कधी असतो?" मला आठवेना. "त्यांना खायला काय आवडतं?" काय आवडतं? ती सगळ्यांच्या मागून जेवते, तेव्हा मी हॉलमध्ये बातम्या बघत असतो. तेही सांगितलं. बाजूचे गृहस्थ काहीतरी लिहायला लागले. कमलबाईंनी चष्मा काढला. "सातार्डेकर, मग यांच्यावर घरातून दबाव आलेला नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?"

माझं डोकंच फिरलं. "दबाव? हिच्यावर? अहो, अकरा वर्षांत माझं एक तरी ऐकलंय का हिने! नोकरी सोड म्हटलं, सोडली नाही. मुलीला इंग्रजी शाळेत घाल म्हटलं, मराठीत घातली. मोदकात साखर घाल म्हटलं, गूळ घातला. बारा वर्षं मी शुगरच्या गोळ्या उशीखाली लपवल्या, आल्यापासून ही रोज त्या काढून परत डबीत ठेवते. मी रागावलो की हो बाबा म्हणते आणि तिला करायचं तेच करते! हिच्यावर दबाव टाकणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो!"

कमलबाई हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग ते लिहिणारे गृहस्थ, तेही डॉक्टरच, मला म्हणाले, "दात्याच्या जिवालाही यात धोका असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंय ना? कमी असतो. दोनशे-तीनशेत एखादा दाता दगावतो."

मी म्हटलं, "काय?"

जान्हवीबाईंनी सांगितलं असेल. सांगितलंच असणार. त्या बोलत होत्या तेव्हा मी सिरपबद्दल भांडत होतो. आत्तापर्यंत मी लोक काय म्हणतील याचा विचार केला, उपकारांचा केला, व्याह्यांचा केला. ही टेबलावर झोपेल आणि उठणारच नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. ऋतिका नऊ वर्षांची आहे.

म्हटलं, "मग नको. परवानगी देऊ नका. लिहा तिथे, रुग्णाची हरकत आहे."

"बाबा, गप्प बसा!"

अबोली उठून उभी राहिली होती. मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं.

"महिनाभर तुमच्या सिरपचा थेंब न् थेंब मोजतेय मी! तुम्ही तो बेसिनमध्ये ओतलात. त्या अंधेरीच्या भामट्याकडून कसली सुई टोचून आलात, मला सांगितलं नाहीत. आई गेल्या तेव्हा चार महिने खोलीचं दार लावून बसला होतात, मी दाराशी ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे. मला परत तसलं बंद दार नकोय घरात! ऋतिकाला तिचा आजोबा पाहिजे. आणि मला पाहिजे कुणीतरी भांडायला, नाहीतर त्या घरात माझ्याशी दिवसभर बोलतं कोण? सुबोध? मी देणार. तुमची परवानगी मागितलीय कुणी!"

मग ती खाली बसली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीने तोंड पुसलं. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मीही रडत होतो, व्हिडिओत आलं असेल ते.

कमलबाईंनी कॅमेरावाल्याला बंद कर अशी खूण केली. "फोटोंचं राहू द्या," म्हणाल्या, आणि फाईल मिटली.

१७ मार्च, सोमवार

उद्या सकाळी सहाला आधी तिला नेतील, मग मला. तिची खोली समोरच आहे. सकाळपासून श्यामसुंदरराव दोन्ही खोल्यांत ये-जा करतायत. मघाशी माझ्यापाशी येऊन बसले. मी म्हटलं, "व्याही, तुमची पोर आहे ती." ते म्हणाले, "ता माका काय सांगतास, तिका सांगा."

तिला सांगायला गेलो तर तिच्या खोलीत नर्स रक्त घेत होती. दारातून परत आलो.

मग संमतीपत्र वाचलं. चौदा पानं. अंधेरीला वाचलं नव्हतं, इथे शब्द न् शब्द वाचला. पान नऊवर बारीक अक्षरात लिहिलंय की दात्याची प्रकृती बिघडल्यास शस्त्रक्रिया थांबवण्यात येईल. एवढंच? आणि तेही मुंगीच्या अक्षरात? सलाईनचा खांब ढकलत खाली काउंटरवर गेलो. कोरा कागद मागितला. ते नाही म्हणाले, मी आवाज चढवला, मग दिला. उभ्यानेच लिहिलं:

"मी, चंद्रप्रकाश सातार्डेकर, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की उद्या ऑपरेशनमध्ये अबोलीला काही होतंय अशी नुसती शंका आली, तरी सगळ्यांनी माझं टेबल सोडून तिच्याकडे जायचं. माझं लिव्हर तोवर काढलेलं असलं तरी. मला विचारायची गरज नाही. तिला तर मुळीच विचारू नये, ती ऐकणार नाही. यात कसूर झाल्यास ही माझी लेखी तक्रार समजावी."

काउंटरवरची मुलगी दोनदा वाचून म्हणाली, "काका, पण अजून तर काहीच झालेलं नाही. तक्रार कसली?"

मी म्हटलं, "होऊ नये म्हणून आधी देतोय. शिक्का मार आणि पोच दे."